फकिराचा कान

फकिराच्या उजव्या कानात चांदीची बारीक बाळी आहे. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून याचं नाव फकिरा ठेवलं आणि कान टोचला. टोचला तो बापूजींच्या आईनं, त्यांच्याच ओसरीत, दाराच्या चौकटीला टेकवून बसवून. फकिराचा बाप तेव्हा त्या घरी सालदार होता. पुढे फकिराही झाला.

राळेगावकडच्या आमच्या गावात बापूजींची कापसाची शेती मोठी, आणि आमच्या चर्चच्या मंडळीचे ते वडील, म्हणजे कारभार पाहणारे. त्यांच्या आणि आमच्या अंगणात नुसतं काट्यांचं कुंपण. लग्न होऊन आले तेव्हापासून फकिराला मी तिथं राबताना पाहते.

पाडव्याला सालदाराचं साल संपतं. बापूजींच्या दारी गुढी उभी राहत नाही, पण त्या सकाळी ओसरीवर नवा सदरा ठेवलेला असतो. फकिरानं तो अंगात घातला की पुढचं साल ठरलं. बोलणं काही होत नाही. सदरा घालायचा आणि बैल सोडायला जायचं.

त्याची बायको रुक्मा त्याच घरच्या स्वयंपाकघरात वाढली. पोरकी होती. बापूजींच्या आईनं तिला वाढवलं आणि बापूजींनी तिचं फकिराशी लग्न लावून गोठ्यामागची खोली दिली. पोरगी झाली, सुरभी, तिला यवतमाळच्या वसतिगृहात त्यांनीच घातलं. फकिराला साप चावला तेव्हा बापूजी रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. वाईट माणूस म्हणून त्यांच्याकडे गावात कुणी बोट दाखवणार नाही.

या उन्हाळ्याच्या तोंडी ते सहज बोलून गेले, "बारावी झाली का सुरभीले नागपूरले पाठवू, अर्पिताकडं. तिचं लेकरू सांभाळायले घरचंच माणूस बरं."

अर्पिता ही त्यांची मुलगी. संध्याकाळी फकिरा कुंपणापाशी मला म्हणाला, "वैनी, माह्या बापानं केलं, म्या केलं. पोरीनं नाई करायचं."

त्याच महिन्यात रजत पास्टर बायबलातल्या निर्गमाच्या पुस्तकावर उपदेश करत होते. नवीन आलेले, तरुण, खूप वाचलेले. त्या रविवारी त्यांनी दासांचा नियम वाचला. सातव्या वर्षी दासानं मोकळं व्हावं. पण धन्यानं त्याला बायको करून दिली असेल, तर बायको आणि मुलं धन्याची राहतील, त्यानं एकट्यानं जावं. आणि तो म्हणाला की मी माझ्या धन्यावर, बायकोवर, मुलांवर प्रेम करतो, मी मोकळा होत नाही, तर धन्यानं त्याला दारापाशी नेऊन त्याचा कान अरीनं टोचावा. मग तो कायमचा दास.

पास्टर तिथंच थांबले नाहीत. म्हणाले, अमेरिकेतले मळेवाले ख्रिस्तीच होते आणि 'दासांनो, धन्याची आज्ञा पाळा' हे पौलाचं वचन गुलामांना ऐकवत होते. काही गुलामांसाठी तर असं बायबल छापलं की ज्यात मिसरातल्या गुलामीतून सुटकेची गोष्टच नव्हती. पण त्याच बायबलावरून गुलाम ठेवणाऱ्याला मंडळीबाहेर काढणारे ख्रिस्तीही झाले. इंग्लंडातल्या बायकांनी गुलामांच्या हातची साखर घरात आणणं सोडलं. बापूजींनी चष्मा काढून डोळे पुसले.

उपासना संपल्यावर रुक्मानं सगळ्यांना चहा दिला. बापूजींचं लक्ष फकिराकडे गेलं. "फकिरा, तुह्या कानाचं काम तर आमच्या आईनं कवाच करून ठेवलं, बाप्पा."

माणसं हसली. फकिराही हसला. हसता हसता त्याचा हात बाळीवर गेला आणि तिथंच राहिला.

सगळे गेल्यावर तो चर्चमधल्या सतरंज्या गुंडाळायला थांबला. मी पडदे काढत होते. त्यानं पास्टरांना विचारलं, "एकटा गेला त्याचं काय झालं मंग? बायको-पोराले न्यायले आलता का तो?"

"तसं लिहिलेलं नाही."

"अन् त्या बाईले कोणी इचारलं?"

"ते जुन्या नियमातलं आहे, फकिराभाऊ. आता आपण कृपेत आहोत, तो नियम आपल्याला नाही."

"मंग तुमी बापूजीले सांगा. मी निंगतो, रुक्मा अन् पोरगी संग येतीन."

पास्टरांचं घर बापूजींनी बांधून दिलेलं. ते बराच वेळ बायबलाची खूणदोरी सरळ करत राहिले. मग म्हणाले, "मी प्रार्थनेत ठेवतो."

पाडव्याला फकिरानं सदरा उचलला नाही. बापूजी चिडले नाहीत. "जाय ना. तुले इथं कोणी बांधून ठेवलं? पण रुक्माचं तिले इचार."

रुक्मा दारात उभी होती. आत बापूजींची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. "मले लहानपणी तिनं न्हाऊ घातलं," रुक्मा फकिराला म्हणाली, "आता तिले कोण घालन? तुमी जाऊन खोली पाहा. मी येतो मागून."

फकिरा एकटाच एसटीत बसला. वणीला कोळशाच्या ट्रकवर काम धरलं, खोलीही घेतली. दोनदा न्यायला आला. एकदा म्हातारीला ताप होता. दुसऱ्यांदा रुक्मा म्हणाली, "पोरीले काढू कशी? वसतिगृहात पालक म्हणून बापूजीचं नाव लागलेलं हाये." दोन्ही वेळा तो कुंपणाबाहेर उभ्यानंच डबा खाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

पोळ्याच्या आधी अर्पिताचा फोन आला, बारावीपर्यंत थांबायला वेळ नाही, पोरीला आत्ताच पाठवा. रुक्मानं माझ्या फोनवरून फकिराला कळवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. खोकत होता, नखांत काळं. ओसरीवर बापूजी आणि रजत पास्टर चर्चमधल्या कापणीच्या सणाचं ठरवत बसले होते. मी सणासाठी चर्चच्या नव्या पडद्यांचं माप विचारायला गेले होते.

"मी राह्यतो बापूजी," फकिरा म्हणाला, "पोरीले धाडू नका. शिकू द्या."

बापूजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खरंच उजळला. "बरं. शिकंन ती. अर्पितासाठी पाहू दुसरी कोणी." मग आतून तोच पाडव्याचा सदरा मागवला आणि त्याच्यापुढे धरला. "म्हंजे बायको-पोरीच्या मायेनं आला. आमची काई माया नाई?"

ते गमतीनंच म्हणाले. पास्टरांनी मात्र मान वर केली. मीही वाट पाहत राहिले, कोणी काही बोलतं का.

फकिरा सदऱ्याकडे पाहत होता. "तुमच्यावर बी हाये, बापूजी."

"हां. असं बोल."

सदरा डोक्यातून घालताना गळ्याचा काठ बाळीत अडकला. त्याला दिसेना, हात वर तसेच राहिले. रुक्मानं चौकटीतून पुढे होऊन हळूच काठ सोडवला. वणीला तो इतका वाळला होता की सदरा खांद्यावरून उतरत होता.

"रुक्मे, चहा ठेव," बापूजी म्हणाले. "साखर जरा जास्त टाक आज."

चहा आला. पास्टरांनी कप घेतला, मी घेतला. फकिरा बैल सोडायला गोठ्याकडे गेला.