शाल, श्रीफळ आणि वॅक्यूम पंप

गेल्या दसऱ्याला आम्ही बाबांना गाडी चालवण्यातून सेवानिवृत्त केलं. खरं म्हणजे किल्ली काढून घेतली. पण आमच्या कुटुंबात कोणाकडून काही काढून घ्यायचं असलं की आधी त्याचा सत्कार करतात. काकांनी बाबांना शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि 'सारथ्याची प्रदीर्घ परंपरा' या विषयावर भाषण केलं. परंपरा म्हणजे एक जुनी डिझेल गाडी आणि एक चालक. मग बाबांनी तबकात किल्ली ठेवली आणि तबक माझ्यापुढे आलं. टाळ्या वाजल्या. बाबांनीही वाजवल्या.

झालं होतं ते इतकंच. नवरात्रात सराफा बाजाराच्या तोंडाशी गाडी वेळेत थांबली नाही आणि शिंगाड्यांच्या हातगाडीला धडकली. कोणाला लागलं नाही. शिंगाडे तेवढे रस्ताभर झाले. बाबा खाली उतरले, आपल्या उजव्या गुडघ्याकडे बघत म्हणाले, "पायात जोरच नाही राहिला." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसानं असं म्हटल्यावर पुढे चौकशी कोण करतं? शिवाय आमच्या घरात गाडीवर संशय घ्यायची पद्धतच नव्हती. वीस वर्षं दर दसऱ्याला तिला हळदकुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेली. जिची पूजा केली तिचा दोष कसा काढणार? माणसाचा काढता येतो.

दुसऱ्या दिवसापासून बाबांचा व्यायाम सुरू झाला. घोट्याला वाळूची पिशवी बांधून ते खुर्चीत बसत आणि पाय उचलून सरळ करत, हळूच खाली आणत. सकाळी चहा ठेवताना मला त्यांचे आकडे ऐकू येत. पंधराच्या पुढे आवाज बारीक व्हायचा.

गाडी महिनाभर उभीच होती. मग एका सकाळी मी ती घेऊन कॉलेजला निघाले आणि मदन महालच्या टेकडीच्या उतारावर ब्रेकवर पाय ठेवला. पेडल दगडासारखं कडक. दोन्ही पाय रोवून जवळजवळ उभी राहिले, तेव्हा कुठे गाडी थांबली. मी शेहेचाळीस वर्षांची आहे आणि माझे गुडघे ठीक आहेत. किती तरी वेळ तशीच बसून राहिले. टेकडीवरच्या काळ्या शिळांवर थंडीचं कोवळं ऊन पडलं होतं, एक शेळी एका शिळेवरून दुसरीवर जात होती, आणि मला बाबांच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

पायथ्याशी आमच्या ओळखीचा मिस्त्री आहे. पहिल्या गिअरमध्ये रांगत मी गाडी त्याच्याकडे नेली आणि बाबांना फोन करून बोलावलं. कारण सांगायचा धीर झाला नाही. ते रिक्षातून उतरले.

"काहून गं, तूही ठोकली का?" आवाजात थोडी आशा होती.

मिस्त्रीनं बोनेट उघडलं, इंजिन सुरू केलं आणि एक रबरी नळी उपटली. "दीदी, यहाँ अंगूठा रखिए. कुछ खींच रहा है?"

"नहीं."

"बस, यही बीमारी है. वॅक्यूम पंप गया." मग तो बाबांकडे वळला. "बाबूजी, ये पंप हवा खींचता है, तब ब्रेक नरम लगता है. आप तो अकेले के दम पे रोक रहे थे. गाडी रुकती कैसे थी, यही बड़ी बात है."

"कबसे?" बाबांनी विचारलं.

"धीरे-धीरे घिसता है. छह महीने तो हो गए होंगे."

 बाबांचा हात गुडघ्यावर गेला; विनाकारण बोलणी खाल्लेल्या मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा फिरला.

मिस्त्री नवा पंप आणायला गेला. कुठल्या तरी मोडीत काढलेल्या गाडीची मागची सीट कडुनिंबाखाली टाकलेली होती, तिच्यावर आम्ही बसलो. गाडी नाही, रस्ता नाही, नुसती सीट. तरी कुठे तरी निघाल्यासारखं वाटत होतं. वरून पिवळी पानं गळत होती. बाबांना झोप लागली. किल्ली माझ्या मुठीत होती. पंप बदलता येतो, पण अठ्ठ्याहत्तर वर्षांचं काय करायचं, हे मिस्त्री सांगणार नव्हता. किल्ली परत द्यावी की नाही?

उतारावरून एक ट्रक खाली आला. डोळे मिटलेलेच, पण बाबांचा उजवा पाय धुळीत हळूच दबला. ट्रक गेला, पाय सैल झाला. मग एक टेम्पो आला. पाय पुन्हा दबला, घाई न करता. झोपेतही ते थांबत होते. त्यांच्या चपलेखालची धूळ गुळगुळीत झाली होती. मी ते किती वेळ पाहत होते कोण जाणे. ऊन सीटवरून सरकून माझ्या पायांवर आलं होतं.

पंप बसल्यावर मी इंजिन सुरू केलं आणि मिस्त्रीनं बाबांचा अंगठा नळीच्या तोंडाशी धरला. बाबा चमकले.

"अगं, वासरू चोखते तसं चोखून राहिला!"

मिस्त्रीनं नळी परत जोडली. "अब बैठिए, बाबूजी. गाडी बंद है, तीन-चार बार ब्रेक दबाइए. हो गया कडक? अब दबाए रखिए और चाबी घुमाइए."

इंजिन बंद करून काढलेली किल्ली माझ्याकडेच होती. मी खिडकीतून हात आत घातला. तबक नव्हतं, भाषण नव्हतं. बाबांनी ती घेतली, माझ्याकडे न बघता. इंजिन धडधडलं आणि त्यांच्या पायाखाली पेडल आपणहून खाली उतरलं. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"अच्छा," ते म्हणाले. एवढंच.

घरी त्यांनीच गाडी नेली. सराफ्याच्या तोंडाशी तोच शिंगाडेवाला उभा होता. बाबांनी ब्रेक इतका हलका लावला की डॅशबोर्डवर ठेवलेला चष्मासुद्धा घसरला नाही. गाडी हातगाडीपासून चांगली दहा पावलं अलीकडे थांबली.

तरीही शिंगाडेवाल्यानं आम्हाला ओळखलं आणि दोन्ही हातांनी हातगाडी मागे ओढली.

बाबा खाली उतरले आणि उरलेली दहा पावलं ताठ चालत गेले. "आधा किलो," ते म्हणाले, "और भैया, अब ठेला आगे ले आओ."