शेळी कुणाच्या दारात

गाझियाबादच्या पलीकडच्या एका गावात आमची संस्था बायकांना शेळ्या देते. अट एकच: शेळीला मादी करडू झालं की ते यादीतल्या पुढच्या बाईला द्यायचं. या अटीचं पत्रक मीच लिहिलं, दिल्लीत, द्वारकेच्या ऑफिसात बसून, एका दुपारात.

पहिल्या नंबरच्या बाईची शेळी दोनदा व्याली. दोन्ही वेळा बोकड. ते विकून तिचं बरं चाललं होतं. दुसऱ्या नंबरची, नवऱ्याने टाकलेली, दीड वर्ष अंगणात खुंटा ठोकून बसलेली.

"दीदी, बकरीला कुणी सांगितलंय का, मुलगी नको म्हणून?" ती म्हणाली.

"सासवांचं गाव आहे, हवा लागली असेल," पहिली म्हणाली. दोघी हसल्या.

तोडगाही दोघींनीच काढला. त्यांच्याकडे अधिया म्हणून जुनी रीत आहे: जनावर एकीचं, सांभाळणार दुसरी, पिलांत वाटा. शेळी पुन्हा गाभण होती. दुसरीने ती आपल्या दारात न्यायची, जे होईल ते पिलू तिचं, मग शेळी परत. शेळी दुसरीच्या खुंट्याला गेली; मी ऑफिसला कळवलंच नाही. इतकं सरळ काम मी या नोकरीत पाहिलं नव्हतं.

मग संस्थेला पैसे देणाऱ्यांची गावभेट ठरली, तेव्हा ऑफिसातल्या साहेबांना सांगावंच लागलं. साहेब म्हणाले, "यार, शेळीच्या कानातल्या बिल्ल्यावर जिचा नंबर, तिच्याच दारात ती दिसली पाहिजे. एका दिवसाचा तर प्रश्न आहे." मी भांडले. मला भांडायची सवय आहे, त्यांना ते ऐकून सोडून द्यायची. शेवटी मीच जाऊन शेळी परत आणवली.

पाहुण्यांबरोबर जनावरांचा डॉक्टर होता. पोट चाचपून म्हणाला, जुळं आहे. फोटो झाले, गाड्या गेल्या. दुसरी दोर घेऊन आली, तर पहिली दारातून हलेना.

"दोन-दोन पिलं मी का देऊ?"

"एक दे मग."

"मादी झाली तर देईन. नियमाने." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "'जनावर तुमच्या नावावर आहे, कुणी न्यायला आलं तर ठाम नाही म्हणा.' तुम्हीच पाठ करून घेतलंत ना, दीदी?"

घेतलं होतं. नवऱ्यांसाठी, दिरांसाठी लिहिलेलं वाक्य होतं ते. ती टोमणा मारत नव्हती, हे जास्त लागलं.

"दीदी, तुम्ही बोला ना," दुसरी म्हणाली.

बोलले मी. शेळी मी आणवली, चूक माझी, शब्द तुमचा होता, सगळं बोलले. पहिलीने ऐकून घेतलं आणि दार लावलं.

पुढे दोन्ही बोकडच झाले.

त्यानंतरच्या बैठकीला दुसरी आली नाही. मी तिच्या घरी गेले. ती गावातल्या एका जमीनदाराची म्हैस धूत होती. अधियावर घेतलेली.

"यात किती मिळणार तुला?" मी चिडून विचारलं.

"तो देईल तितकं." तिने हात थांबवला नाही. "यादीतून नाव काढा माझं. आणि ती बादली द्या इकडे."

मी बादली दिली.