भर उन्हातली बॅटरी

टळटळीत उन्हात, डोक्यावर सूर्य तळपत असताना बॅटरी लावून हिंडणारा माणूस उभ्या कोकणात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या ताईचा सासरा असावा हा माझ्या नशिबाचा भाग आहे. लोकांच्या नातेवाइकांना पत्त्यांचा नाद असतो, भजनाचा असतो, काहींना नुसता बोलण्याचा असतो. आमच्या आबांना हत्याराचा आहे. हत्यार म्हणजे कोयता-बियता नव्हे. तळहातात मावणारी एक पक्कड. तिच्या पोटात चाकू, करवत, कात्री, डबा उघडायचं पातं, दोन जातींचे स्क्रू-ड्रायव्हर आणि बुडाशी बोराएवढी बॅटरी. मुंबईचे लोक त्याला मल्टिटूल म्हणतात. आबा ‘हत्यार’ म्हणतात, आणि तेही असं की समोरच्यानं दोन पावलं मागं सरावं.

गंमत म्हणजे नोकरीभर बंदरावरच्या कचेरीत कारकुनी केलेल्या या माणसानं म्हातारपणापर्यंत साधी हातोडी धरली नव्हती. घरात खिळा ठोकायचा तर तो आई, म्हणजे ताईच्या सासूबाई, ठोकायच्या, हे खाली खुर्ची धरून ‘जपून गो’ म्हणायचे. मग आई गेल्या. तारकर्लीच्या अलीकडे, माडांच्या गर्दीतलं ते चिऱ्याचं घर आणि त्यात एकटे आबा. आईंच्या वर्षश्राद्धाला भावोजी मुंबईहून आले, जेवणं आटोपल्यावर वडिलांसमोर बसले आणि सरळच बोलले. घर तुमच्या हातानं चालतंय तोवर राहा, ज्या दिवशी चालणार नाही त्या दिवशी कुलूप लावायचं आणि आमच्याकडे यायचं. आबांनी मान हलवली. जाताना भावोजींनी पिशवीतून हे हत्यार काढून त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते मायेनं दिलं हो, पण आबांनी युद्धाची घोषणा झाल्यासारखं घेतलं. त्या दिवसापासून त्या घरात काहीही बिघडायची सोय राहिली नाही.

राहिली नाही म्हणजे बिघडत होतंच, पण कळता कामा नये. पडवीचं दार लागत नव्हतं, ते आबांनी दुरुस्त केलं. आता ते इतकं छान लागतं की उघडत नाही. पाहुण्यांनी विहिरीकडून वळसा घालून मागल्या दारानं यायचं. मुंबईहून व्हिडिओ कॉल आला की आबा फोन घेऊन घरभर अशा चतुराईनं फिरायचे, की गळका कोपरा, लोंबतं बटण, तिरकं कपाट यांपैकी काही म्हणजे काही दिसू नये. शेवटी देव्हाऱ्यासमोर बसून बोलायचे, कारण तेवढीच जागा धड होती. ताईनं मला मालवणात राहणारा भाऊ म्हणून देखरेखीला नेमलेलं. मी गेलो की आबा चहाआधी विचारायचे, “तू खंयच्या बाजूचो रे? माझ्या की तुझ्या भैनीच्या?” मी चहा त्यांचा पीत असल्यामुळे उत्तर ठरलेलं होतं.

कुठलीही वस्तू उघडण्याआधी ते गाऱ्हाणं घालतात. देवळात गावकार घालतो तसंच, हात जोडून, खड्या आवाजात. एकदा मिक्सर बंद पडला होता. तो पाटावर ठेवून डोळे मिटून म्हणाले, “बा देवा म्हाराजा, ह्या मिक्सराक जी काय इडापिडा झाली आसात, ती दूर कर रे म्हाराजा,” आणि एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहत थांबले. मला ‘व्हय म्हाराजा’ म्हणावंच लागलं. मिक्सर सुरू झाला नाही ते माझ्या आवाजात भक्ती कमी पडल्यामुळे, असं त्यांनी मागाहून ठरवलं.

आणि ती बॅटरी! गाठोड्यातले नारळ बघायला बॅटरी, वर्तमानपत्र वाचायला बॅटरी, कुडाळच्या बसमध्ये खिडकीचा खडखडणारा स्क्रू शोधायला शेजारणीच्या मांडीवरून वाकून बॅटरी. बाजारात बांगड्याचा कल्ला उचलून आत प्रकाश टाकायला लागले तेव्हा मासेवाली शांतपणे म्हणाली, “आबानू, बांगडो मेललो आसा. तेका आता डॉक्टर नको.” बाजार हसला. आबांनी मात्र दुसरा बांगडा तपासायला घेतला. डोळे कमी झालेत हे कबूल करण्यापेक्षा हसं झालेलं बरं, असा त्यांचा हिशेब होता. मला तो कळायचा.

आमच्याकडे समुद्राची हवा लोखंडाला टिकू देत नाही. म्हणून हत्याराला तेल. कुठलं? खोबरेल! दिव्यात खोबरेल, गुडघ्याला खोबरेल, डोक्याला खोबरेल, मग हत्यारानंच काय पाप केलंय? मशीनचं तेल आणून दिलं तर त्याला घाण वास येतो म्हणाले. उन्हाळ्यात हे सगळं झकास चालतं. पण पौषात पहाटे गारठा पडला की बाटलीतलं खोबरेल थिजतं तसं पक्कडीच्या पोटातलंही थिजतं, त्यात वर्षभराची धूळ, आणि एकही पातं बाहेर येत नाही.

गेल्या पौषात भावोजी आले ते कुलपाचा विचार पक्का करूनच. ताईनं मला आधी फोन करून सांगितलं होतं, म्हणून मीही सकाळीच तिथे पोचलो. भावोजींनी पेजेचा कुकर शेगडीवरून उचलला आणि दांडा त्यांच्या हातात राहिला. कुकर खाली, पेज ओट्यावर. आबा लगबगीनं उठले, “आता करतंय,” म्हणाले आणि हत्यार काढलं. ते उघडेना. नखानं ओढलं, फुंकर मारली, काखेत धरलं. भावोजींनी मागून घेतलं, त्यांनाही उघडेना. मग आबांनी ते तुळशीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवलं, आणि बाप-लेक खळ्यात, म्हणजे अंगणात, शेजारी शेजारी बसून तेल वितळायची वाट बघू लागले. मी खिडकीतून त्यांना बघत ओटा पुसत होतो. मला वाटतं, आई गेल्यापासून ते दोघं इतका वेळ एकत्र बसलेच नव्हते.

तेल वितळलं, पातं सुटलं. आबांनी कुकर मांडीवर घेतला, स्क्रू भोकावर धरला. स्क्रू पडला. उचलून पुन्हा धरला, पुन्हा पडला, घरंगळत गेला. भावोजी बघत होते, आणि भावोजी बघताहेत हे आबांना दिसत होतं. गाऱ्हाणं नाही, थाप नाही. त्यांनी हत्यार खाली ठेवलं.

“बोटां आता आयकनत नाय रे माझी,” आबा म्हणाले. “पण म्हणान माका हंयसून नेव नको.”

इतकी वर्षं ओळखतो त्यांना, कुणाकडे काही मागताना ऐकलं नव्हतं. मी ओटा पुन्हा पुसायला घेतला.

भावोजींनी स्क्रू शोधून आणला, हत्यार घेतलं. भोक आत अंधारात होतं. त्यांनी हत्यार उलटंसुलटं करून बघितलं. पातं आणि बॅटरी एकाच वेळी कशी लावायची ते त्यांना जमेना. शेवटी खिशातला मोबाइल त्याची बॅटरी लावून आबांच्या हातात दिला.

“आबा, सारकी धरा,” ते म्हणाले.

आबांनी दोन्ही हातांनी धरली. दांडा बसला. मग भावोजींनी विचारलं, पडवीचं दार कित्याक उघडत नाय? ते दार झालं. मग कपाट, मग लोंबतं बटण. आबा मागोमाग बॅटरी धरून, आणि भावोजी मधूनमधून ओरडताहेत की वर धरा, अंधार पडता. गाडीची वेळ झाली तरी निम्मं काम बाकी होतं. निघताना भावोजी चपला घालत म्हणाले, “ऱ्हवलेला शिमग्याक येवन करतंय.” कुलपाचा विषय कुणी काढला नाही.

परवा मी गेलो होतो. न्हाणीचा नळ टपटपत होता, खाली बादली लावलेली. मी म्हटलं, वॉशर गेलाय, आत्ता बदलतो, पाना द्या. आबांनी माझा हात धरला. “ऱ्हवांदे. माझो झील येतलो मा शिमग्याक. तेका हंय काय तरी काम होयां.” आणि मग हळूच मला घरभर फिरवून एकेक बिघाड दाखवला, फणस पिकत घातल्यासारखा जपलेला.

शिमग्याला अजून बरेच दिवस होते. बादली भरली होती. मी ती माडाच्या मुळाशी ओतली आणि परत नळाखाली ठेवली.