नावातला ळ

माझ्या मुलीचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते बरोबर छापलं जाईल असा भरवसा मला आता राहिलेला नाही. एवढंच सांगते, की ते तीन अक्षरांचं आहे आणि शेवटी ळ येतो. मुळात ते नाव माझं होतं.

अमरावतीला वडिलांच्या घरी तेरा वर्षं मला त्याच नावाने हाक मारली गेली. लग्न झालं, तांदळाच्या ताटात अंगठीने सासरचं नाव लिहिलं गेलं आणि मी अकोल्याला जठारपेठेतल्या घरात आले. जुनं नाव मग फक्त माहेरपणाला ऐकू यायचं. आईवडील गेल्यावर तेही थांबलं. मुलगी झाली तेव्हा बारशाच्या आदल्या दिवशी यजमान पाळण्याशी येऊन बसले. ते हायस्कुलात मास्तर होते, बोलणं मोजकंच. म्हणाले, "तुझं नाव आम्ही काढून घेतलं. ते हिला देऊ या."

सासूबाईंना हे पटलं नाही. जिवंत बाईचं नाव तिच्याच पोटच्या पोरीला कोणी देतं का, असं त्या म्हणाल्या. यजमानांनी सांगितलं, की या घरात त्या नावाचं कोणीच नाही. ते खरंच होतं. बारशाला आत्याने मुलीच्या कानात नाव सांगितलं, तेव्हा इतक्या दिवसांनी ते ऐकून मीच दचकले.

पहिली चूक झाली ती देवी काढल्याच्या दाखल्यात. लस टोचणारा गल्लीच्या तोंडाशी बसला होता, मी तापाने आडवी झाले होते, म्हणून आमच्याकडे भाजी घालणारी माळीण मुलीला घेऊन गेली. ती मोर्णेपलीकडच्या जुन्या शहरातली, नदीकाठी तिच्या नवऱ्याचा मळा होता. आमच्या वऱ्हाडात बरेच लोक ळ म्हणतच नाहीत, त्याचा य करतात. शाळेला शाया, डोळ्याला डोया. तिने नाव सांगितलं तसं त्याने लिहिलं. दाखल्यावर शेवटी य आला. मी म्हटलं, हे चुकलं. ती म्हणाली, "मी तं बराबर सांगतलं होतं बाई. आता त्यानं काय लिवलं, ते मले काय मालूम." तिचं खोटं नव्हतं. तिच्या कानाला दोन्ही सारखंच. यजमान हसले, सवडीने दुरुस्त करून आणू म्हणाले, आणि दाखला पेटीत ठेवला.

मुलगी चार वर्षांची असताना ते विषमज्वराने गेले.

त्यानंतर मी त्याच घरात दिरांच्या आधाराने राहिले. दीर वकील होते. माणूस वाईट नव्हता. मुलीला दूध, मला खोली, कशात कमी केलं नाही. फक्त मला उंबऱ्याबाहेर जायचं तर कारण लागायचं, ते आधी सांगावं लागायचं, आणि मग ते पुरेसं आहे की नाही हे दुसऱ्या कोणीतरी ठरवायचं. मुलीला शाळेत घालण्याचं कारण पुरेसं ठरलं, याचं मला त्या वेळी फार अप्रूप वाटलं होतं.

शाळेच्या दाखलखारिज बुकात बाईंनी नाव अगदी बरोबर लिहिलं. मी स्वतः पाहिलं. पण परीक्षेच्या याद्या इंग्रजीत वर जायच्या. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, सगळे कागद नागपूरला जायचे, आणि तिथे कोणी हिंदी मुलखातला कारकून इंग्रजी नावं पुन्हा नागरीत उतरवायचा. इंग्रजीत ळ नाही. हिंदीतही नाही. परत येताना माझ्या मुलीच्या नावाला ल लागून यायचा.

मी चिठ्ठ्या लिहू लागले. मराठी चौथीपर्यंत माझं शिक्षण, पण अक्षर चांगलं होतं. "सविनय विनंती, की कन्येच्या नावात ळ आहे, ल नाही." मुलगी चिठ्ठी घेऊन जायची, बाई वाचून मान हलवायच्या, आणि पुढच्या प्रगतिपुस्तकात पुन्हा ल. एकदा चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी लिहून पाठवलं, की वरून जे येतं ते त्यांना तसंच उतरवावं लागतं, उगाच खाडाखोड दिसली तर तपासनीस विचारतात. मी ती चिठ्ठी जपून ठेवली. काय उपयोग होणार होता कोण जाणे.

चौथीत तिचा पहिला नंबर आला. बक्षीस द्यायला जबलपूरकडचे कोणी साहेब आले होते. मी मागे बायकांच्या सतरंजीवर बसले होते. साहेबांनी यादीतलं नाव वाचलं, ल लावून. मुलगी उठली नाही. त्यांनी पुन्हा वाचलं. बाईंनी खांद्याला धरून उठवलं तेव्हा ती गेली, पुस्तक घेतलं आणि नमस्कार न करता परत आली. घरी दिरांनी यावरून तिला पुष्कळ ऐकवलं. नंतर ती मला म्हणाली, "आई, ते माझं नाव नव्हतं. मी कशाला उठू?" मला बरं वाटलं. तसं वाटायला नको होतं. पुढचं मला कळायला हवं होतं.

ती व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झाली तेव्हा तिला पंधरावं लागलं होतं. अमरावतीला मुलींना मास्तरीण करणारी एक ट्रेनिंग शाळा होती, तिथे राहायची सोय होती. तिने अर्ज केला. अर्जावर सही तिची, अर्थात ळ लावून. महिन्याभराने पत्र आलं, की जागा देण्याचं ठरलं आहे, परंतु अर्जातलं नाव, नागपूरच्या सर्टिफिकेटातलं नाव आणि देवीच्या दाखल्यातलं नाव ही तीन वेगळी नावं आहेत. ही एकच मुलगी असल्याचा पुरावा शाळा उघडण्याआधी आणून द्यावा, नाही तर जागा पुढच्या मुलीला जाईल.

त्याच आठवड्यात अकोटहून स्थळ आलं. मुलगा कापसाच्या जिनात कारकून, घरची शेती, वय तिशीच्या आत. दिरांनी माझ्यापुढे पत्रिका ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, लग्नात पोरीचं नाव बदलणारच आहे. त्यासाठी एवढा आटापिटा कशाला?"

मी म्हटलं, "भावजी, तिची जागा जाईल."

"गेली तर गेली. हे घर काय जातंय का?"

ते चिडून बोलले नव्हते. खरोखरच त्यांना वाटत होतं, की एक दार बंद झालं तर दुसरं उघडंच आहे. मी मात्र त्याच दारातून या घरात आले होते.

मी त्यांच्याकडून एवढंच मागून घेतलं, की शाळा उघडेपर्यंत अकोटला होकार कळवू नये. मग मी बाहेर पडायला लागले. कारण सांगत होते देवळाचं. वैशाख होता, सकाळी दहालाच डांबर मऊ व्हायचं. सोबतीला माळीण यायची, कारण एकटीने कचेरीत जाणं मला जमण्यासारखं नव्हतं.

शाळेच्या बाई म्हणाल्या, सर्टिफिकेट नागपूरचं, ते बदलायचं तर जन्माचा दाखला जोडून अर्ज करा. कमेटीच्या कचेरीत, म्हणजे म्युनिसिपालिटीत, जन्ममृत्यूचा कारकून बसायचा. त्याने जाड बुक काढलं, ओल लागून पानं फुगली होती. यजमानांचं नाव सापडलं, तारीख सापडली. पुढे लिहिलं होतं, "मुलगी". बस एवढंच.

"बाई, यात नावच नाही," तो म्हणाला. "मी दुरुस्त काय करू?"

नाव आता घाला, असं मी म्हटलं. तो म्हणाला, घालता येतं, पण नाव काय आहे याचा सरकारी कागद लागतो. देवीचा दाखला दाखवला तर म्हणाला, यावर य आहे, मी य घालीन. सर्टिफिकेट दाखवलं तर ल घालीन म्हणाला. ळ कोणत्या कागदावर आहे ते आणा. मी सांगितलं, शाळेच्या बुकात आहे. मग बाईंकडून उतारा आणा, असं तो म्हणाला. बाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, सर्टिफिकेट एका नावाचं असताना दुसऱ्या नावाचा उतारा दिला तर त्यांच्यावरच ठपका येईल. आधी जन्माचा दाखला आणा.

असं तीन आठवडे चाललं. दोघंही मला बसायला सांगायचे, पाणी विचारायचे. कोणी रागावलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मी घरी येऊन पोळ्या लाटायची आणि मनात तेच चक्र फिरायचं, कमेटी, शाळा, कमेटी. मुलगी माझ्या चेहऱ्याकडे पाहायची आणि पाटीवर दिरांच्या मुलांची गणितं तपासत बसायची. अकोटकरांचं दुसरं पत्र आलं.

शेवटी तहसील कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या म्हाताऱ्या अर्जनविसाला मी सगळे कागद दाखवले. त्याने ते मांडीवर पसरले, बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "बाई, तुमी उलट्या बाजूनं लागल्या. सरकारचा कागद खरा करायले पाहून राहिल्या. तो होत नाही. तुमीच कागदासारख्या व्हा." मुलीचं नाव ल लावूनच आहे, देवीच्या दाखल्यात लिहिणाऱ्याची चूक झाली आणि अर्जात मुलीची स्वतःची चूक झाली, असं आईने शपथेवर सांगायचं. एक ॲफिडेव्हिट, एक साक्षीदार. दोन दिवसांचं काम.

मी कागद गोळा करून उठले. माळीण वाटेत म्हणाली, "काहून वो बाई, एवढं काय त्याच्यात? आपली पोरगी तं आपलीच राह्यते." माझ्या हयातीत ते नाव माझ्याकडून एकदा काढून घेतलं होतं, ते दुसऱ्यांनी. आता मला ते माझ्या हाताने टाकायचं होतं, आणि वर असं म्हणायचं होतं, की ते कधी नव्हतंच.

घरी मुलीला सांगितलं. वाटलं, ती नकार देईल, बक्षिसाच्या वेळी बसून राहिली होती तशी. ती लगेच म्हणाली, "कर ना मग, आई. उद्याच जा."

दिरांना सांगावंच लागलं, कारण मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहायला घरचा पुरुष हवा. त्यांनी मसुदा वाचला, एक शब्द सुधारला आणि कोट घालून माझ्याबरोबर आले. अकोटचं बोलले नाहीत. मला वाटतं, मी इतकं करीन हे त्यांना खरं वाटलं नव्हतं.

कचेरीत पंखा ओढत होते तरी घामाने हात ओले झाले होते. कारकुनाने मजकूर मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर विचारलं, "हेच नाव खरं ना, बाई?"

मी हो म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, मग मी जरा मोठ्याने हो म्हटलं. सही केली ती माझ्या सासरच्या नावाने. खाली माळिणीने अंगठा उठवला.

मुलगी अमरावतीला गेली. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती म्हणून दीर पोचवायला गेले. माझ्या जाण्याचं निघालंच नाही. पंधरा दिवसांनी पहिलं पत्र आलं. तिथल्या मुख्य बाई मुलींची पत्रं वाचून मग टपालात टाकत, त्यामुळे खाली सही तिने ल लावून केली होती. पत्र आनंदाचं होतं. जेवण बरं आहे, खाटेशेजारी खिडकी आहे, मैत्रिणी आहेत. मी ते पुष्कळदा वाचलं आणि दर वेळी सहीच्या आधीच घडी घातली.

ती मास्तरीण झाली. पुढे लग्न झालं तेव्हा सासरच्यांनी ताटात नवं नाव लिहिलं खरं, पण नोकरीचे सगळे कागद सर्टिफिकेटावरच्या नावाचे, ते बदलायची कटकट कोणाला नको होती, म्हणून नवं नाव फारसं चाललं नाही. आज तिच्या शाळेतल्या मुली तिला ल लावलेल्या नावाच्याच बाई म्हणून ओळखतात. मी घरी हाक मारते ती ळ लावून, आणि ती ओ देते. मी अजून जठारपेठेतच आहे, त्याच खोलीत.

ते नाव आधी माझं होतं, हे मी तिला ॲफिडेव्हिटाच्या वेळी सांगितलं नव्हतं. गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा करंज्या भरता भरता सहज बोलून गेले. तिचा हात थांबला. म्हणाली, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, सांगितलं असतं तर तू सही करू दिली नसतीस. अकोटला गेली असतीस.

सारण संपेपर्यंत आम्ही करंज्या भरत राहिलो.