कोरा पट्टा

माझं निम्मं आयुष्य धूळ तोलण्यात गेलं. ही तक्रार नाही. कुणी सोनं तोलतं, कुणी भाजी तोलतं, तशी मी धूळ तोलते. भावाने एकदा विचारलं होतं, ‘घरातल्या पंख्यावरची कधी तोलणार?’ त्यावर मी त्याला ओल्या फडक्याची जागा दाखवली होती.

एका लहानशा खासगी प्रयोगशाळेत मी नोकरी करते. हवा, पाणी, माती तपासायची आणि अहवाल द्यायचा. त्या वर्षी धायरीच्या पुढे, टेकडीच्या अंगाला जाणाऱ्या एका कच्च्या रस्त्याचं काम आमच्याकडे आलं. वरच्या बाजूला इमारती उठत होत्या आणि दिवसभर मुरूम-खडीचे डंपर जात होते. रस्त्याकडेची माणसं धुळीने वैतागली होती. डांबर पडायला अजून वेळ होता, तोवर रस्त्यावर काय टाकलं म्हणजे धूळ बसेल, एवढं आम्ही तपासून सांगायचं होतं. जे लागू पडेल ते पूर्ण रस्त्यावर टाकलं जाणार होतं.

रीत साधी असते. रस्त्याचे चार सारखे पट्टे पाडायचे. एकावर धुळीचं मीठ, जे हवेतला ओलावा धरून ठेवतं. दुसऱ्यावर साखर कारखान्याच्या मळीपासून केलेलं काळं औषध. तिसऱ्यावर रोज टँकरचं नुसतं पाणी. चौथ्यावर काहीही नाही. हा चौथा कोरा पट्टा सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय बाकीच्या तिघांनी काय दिवे लावले ते कळत नाही. प्रत्येक पट्ट्याच्या कडेला तिवईवर एक यंत्र ठेवायचं. ते हवा ओढतं, आणि हवेतली धूळ आतल्या गोल पांढऱ्या कागदावर बसते. दिवस संपला की कागद काढून तोलायचा.

कुठला पट्टा कुठे, हे मी चिठ्ठ्या टाकून ठरवते. माणूस स्वतः निवडायला लागला की हवं ते उत्तर मिळेल अशीच जागा निवडतो, मग तो कितीही सज्जन असो. डब्याच्या झाकणात चार चिठ्ठ्या टाकल्या आणि मीच उचलल्या. कोऱ्या पट्ट्याची चिठ्ठी नेमकी ज्या तुकड्याची निघाली, त्याच्यावर एकच घर होतं. घराच्या ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक वयस्कर काका बसले होते आणि खोकत होते.

माझ्याबरोबरचा सहकारी तिशीतला, हुशार, आणि बोलताना निम्मा इंग्रजीत. ‘मॅडम, ऑनेस्टली, कोरा पट्टा जरा पुढे शिफ्ट करू ना. तिकडे नुसतं गवत आहे, कुणाला प्रॉब्लेम नाही.’

‘मग चिठ्ठ्या कशाला टाकल्या? वेळ जात नव्हता म्हणून?’ मी म्हणाले. त्याने तिवई उचलली. मला आपलं तेच खरं करायची सवय आहे, आणि तेव्हा तर नियम माझ्या बाजूला होता.

काका तीस-बत्तीस वर्षं स्वारगेटला बसगाड्यांखाली झोपून नटबोल्ट आवळत आलेले. निवृत्त झाल्यावर गावातल्या जागेत स्वतः उभं राहून घर बांधलं होतं. घरात ते आणि काकू, दोघंच. छातीचं दुखणं जुनं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धुळीपासून लांब राहा. मुलगी विश्रांतवाडीला राहायची, ती महिन्यातून एकदा येऊन ‘चला माझ्याकडे’ म्हणायची, आणि काका नाही म्हणायचे.

‘लेकीकडं दोन दिस बरं,’ त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. ‘तिसऱ्या दिवशी मानूस पाव्हना हुतो. म्याडम, तुमचं औषिद या रस्त्यावर पडलं तर मी हितंच ऱ्हातो. न्हाई पडलं तर जावं लागंल. एवढं सोपं हाय बगा.’

मी म्हणाले, बघू.

पहिल्या आठवड्यात गंमत झाली. मिठाच्या पट्ट्यावर शेळ्या येऊन रस्ता चाटू लागल्या. मळीच्या पट्ट्यावर मुंग्यांनी संसार थाटला. या दोन्हीची मला कल्पना होती. कल्पना नव्हती ती कोऱ्या पट्ट्याची. त्याचा कागद टँकरच्या पाण्याच्या पट्ट्यापेक्षा हलका भरायला लागला. म्हणजे पाण्यापेक्षा काहीही न टाकणं हाच धुळीवर चांगला उपाय ठरत होता. असा अहवाल दिला असता तर ऑफिसात माझी आरती ओवाळली असती.

मी यंत्र बदललं. तराजू तपासला. सहकाऱ्यावर डाफरले, त्याने कागद उलटसुलट केले असणार म्हणून. तो म्हणाला, ‘मॅडम, एकदा सकाळी सातला येऊन बघा ना.’ त्याला ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सातला गेले.

काकू सडा घालत होत्या. अंगणात शेणाचा घालून झाला होता, आणि आता नळी ओढत त्या रस्त्यात उतरल्या होत्या. आमच्या खुणेच्या खांबापासून पलीकडच्या खांबापर्यंत, या कडेपासून त्या कडेपर्यंत, डंपर येतोय का बघत, त्यांनी अख्खा पट्टा भिजवला. इतक्या नीट पाणी मारणारा टँकरवाला मला आजवर भेटलेला नाही.

‘दुपारी पण मारता?’ मी विचारलं.

‘ह्यांना खोकला आला की मारते. सकाळी तर घालायचाच. सडा घातल्याबिगर मी चूल पेटवत न्हाई.’ मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, ‘का वो? काय चुकलं का?’

मी सांगितलं. ओट्यावर बसून, चांगलं दहा मिनिटं, समजावून सांगितलं. अंगणात खुशाल घाला, पण रस्त्याला पाणी लागलं तर माझी सगळी तपासणी फुकट. काकूंना पटलं नाही. त्यांचं म्हणणं, धूळ बसवायलाच आलात ना, मग मी बसवतेय तर बिघडतंय कुठं? याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं.

उत्तर काकांनी दिलं. ‘आगं, गाडीत आवाज आला तर आमी येका टायमाला येकच पार्ट बदलायचो. दोन बदलले तर आवाज कशानं गेला कसं कळनार? त्यांना येक जागा बिनऔषदाची लागती. ती आपल्याला घावली, काय करनार.’ मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, ‘किती दिस?’

‘पहिल्यापासून मोजायचं म्हणजे सहा आठवडे.’

‘काडू की. तुमचं काम चोख हुऊ द्या, म्हंजे औषिद पडंल.’

इतका शहाणा माणूस मला त्या रस्त्यावर दुसरा भेटला नाही, आणि मी खूश झाले. खोटं कशाला बोलू? घरी जाताना रिक्षात मी मनाशी म्हणत होते, लोकांना नीट सांगितलं की कळतं.

त्या दिवसापासून नळी गुंडाळून खिळ्याला लागली. काका पट्ट्याचे राखणदार झाले. वरच्या वस्तीतल्या एका बाईने धुण्याचं पाणी रस्त्यात ओतलं तर खुर्चीतूनच तिची खरडपट्टी काढली, आणि मग पाच मिनिटं खोकत बसले. किती डंपर गेले ते वहीत रेघा मारून लिहायला लागले. मी सांगितलं नव्हतं, पण आकडे उपयोगी पडले. तोंडाला पंचा बांधून बसायचे. तिसऱ्या आठवड्यात खुर्ची ओट्यावरून आत गेली आणि काका खिडकीतून रेघा मारू लागले. वाक्याच्या मधे थांबायला लागले. मला दिसत होतं. मी आपली विचारायचे, ‘काका, बरं आहे ना?’ आणि ते हात हलवायचे. हात हलवला की मी यंत्राकडे वळायचे.

चौथ्या आठवड्यातला कोऱ्या पट्ट्याचा कागद मला अजून आठवतो. एकसारखा तपकिरी, कुठे डाग नाही, कडा स्वच्छ. शेजारी मिठाच्या पट्ट्याचा कागद, जेमतेम मळका. दोन्ही टेबलावर ठेवून मी सहकाऱ्याला हाक मारली. म्हटलं, हे बघ, याला म्हणतात फरक. त्या कागदाचा मला आनंद झाला होता, हे इथे लिहायला हवं.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी खिडकी बंद दिसली. काकू कुलूप लावून निघाल्या होत्या, हातात डबा आणि थर्मास.

‘ह्यांना परवा रातीपासनं दवाखान्यात ठेवलंय,’ त्या म्हणाल्या. आणि मी काही विचारायच्या आतच, ‘पानी मारलेलं न्हाई हां मी. त्यांनी बजावलंय.’

मी दवाखाना कुठला ते विचारून घेतलं, आणि येते म्हणाले. त्या गेल्यावर यंत्रातला कागद बदलला, वजनाच्या वहीत वेळ लिहिली. दवाखान्यात गेले ती तपासणीचा शेवटचा दिवस उरकल्यावर. तोवर मुलगी त्यांना विश्रांतवाडीला घेऊन गेली होती.

अहवाल चांगला झाला. मिठाचा पट्टा सरस ठरला, मळी त्याच्या मागे, पाणी दुपारपर्यंतच टिकायचं. कोऱ्या पट्ट्याचे आकडे इतके स्वच्छ होते की कुणी एक शंका काढली नाही, आणि आमच्याकडे शंका काढणाऱ्यांचा तुटवडा नाही. महिन्याभरात पूर्ण रस्त्यावर मीठ पडलं. मी एकदा जाऊन पाहून आले. डंपरमागे धूळ उठत नव्हती. काकांच्या दाराला कुलूप होतं.

त्यांचा आजार धुळीने वाढला की वाढायचाच होता, हे कुणी सांगू शकणार नाही. त्यासाठी दोन काका लागले असते, एक सडा घातलेल्या रस्त्यावरचे आणि एक बिनसड्याच्या. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं आहे. तर्क म्हणून त्यात खोट नाही, आणि तरी मला लाज वाटते.

अहवालाची प्रत घेऊन मी विश्रांतवाडीला गेले, कारण काकांनी ती मागून ठेवली होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. काका पलंगावर उशांना टेकून बसले होते, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. जिने उतरायला डॉक्टरांनी मनाई केली होती. म्हणजे धायरी संपली. हे त्यांनी मला हवापाणी सांगावं तसं सांगितलं.

त्यांनी चष्मा लावला आणि तक्त्याच्या पानावर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मिठाच्या ओळीवरून कोऱ्या पट्ट्याच्या ओळीवर आले, परत वर गेले. ‘लई फरक हाय की,’ ते म्हणाले. त्यांना बरं वाटलं होतं. स्वतः सोडवलेलं गणित ताळ्याला जुळावं तसं.

काकूंनी चहा आणला. माझ्या हातात कप देऊन त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘म्याडम, येक इचारू? मी पानी मारत ऱ्हायले आसते, तर तुमचं काय झालं आसतं?’

त्या भांडायला बसल्या नव्हत्या. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

‘तो पट्टा बाद झाला असता,’ मी म्हणाले.

‘मंग?’

‘मग पुढे गवत आहे तिथे दुसरा घ्यावा लागला असता. आठवडाभराचं काम परत करावं लागलं असतं, ते तसंही केलंच.’

‘बास?’

‘हो. एवढंच.’

काकांनी अहवालातून मान वर केली.

‘मंग घ्यायचा हुता की, म्याडम,’ ते म्हणाले. एवढं म्हणायला त्यांना मधे एकदा थांबून दम घ्यावा लागला.