मनहरचा डावा डोळा

मनहरला दिसतं, अशी कुजबूज आमच्या कचेरीत उठली तेव्हा मी हातातली बशी खाली ठेवली. चहा गार झाला तरी चालेल, बातमी गार होऊ द्यायची नाही, हा माझा चाळीस वर्षांचा नेम. “डाव्या डोळ्याने अंधुक दिसतं म्हणे,” दफ्तरी माझ्या कानाशी लागून म्हणाला. त्याला अमक्याने सांगितलेलं, अमक्याला तमक्याने.

मनहर आमच्या जिल्हा कचेरीच्या खुर्च्या वेताने विणायचा. नवव्या वर्षी त्याला देवी आल्या, त्या जाताना डोळे घेऊन गेल्या. मग सरकारी अंधशाळेत वेतकाम शिकला आणि अपंगांच्या रोजगार कचेरीतून थेट आमच्याकडे चिकटला. काम कधी संपायचं नाही. शेवटची खुर्ची विणून होईपर्यंत पहिली खचलेली असायची. कामापेक्षा आमची बैठकच दणकट.

खचलेल्या वेतावर हात फिरवून तो मालक सांगायचा. “ही दवेसाहेबांची. उजवीकडे पाकीट टेकतं.”

“आणि ही?”

“तुमची, काका. पुढची कड झिजलीय. दुसऱ्यांचं ऐकायला पुढे सरकून बसता ना!”

असल्या माणसाला दिसत नाही यावर कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नाही, आणि चार जणांना तसं सांगूनही टाकलं.

आता कोकिला. कचेरीमागच्या सरकारी छापखान्यात ती रजिस्टरं बांधायची. जन्माची बहिरी. तिची मूकबधिर शाळा आणि त्याची अंधशाळा यांच्यात एकच भिंत, आणि तीही पडकी. तो बोलायचा, ती ओठ वाचायची. ती त्याच्या तळहातावर बोटाने लिहायची. डोळे जायच्या आधी त्याची बाराखडी झाली होती. दुपारच्या सुट्टीत दोघं लिंबाखाली हातात हात घेऊन बसत आणि अख्खी कचेरी खिडकीत लोटे. माझी खिडकी सगळ्यांत सोयीची होती.

तिचा बाप नाथुभाई, फाटकासमोरचा गाठियावाला. तो मात्र अडून बसला. “काका, पोरीला ऐकू येत नाही, याला दिसत नाही. घरात चोर शिरला तर?”

“तर हा ऐकेल आणि ती बघेल. तुम्ही नवराबायको धडधाकट, तरी गेल्या साली तराजू गेलाच ना?”

“तुम्ही गाठिया खा, काका. त्याला थोडं जरी दिसत असतं, तर आज मुहूर्त काढला असता.”

त्यानंतर आठ दिवसांत ती बातमी उठली. जन्मात कुणाला जास्तीची मिरची न देणाऱ्या नाथुभाईने मनहरला कच्च्या पपईच्या फोडणी दिलेल्या किसासकट, संभाऱ्यासकट, गाठिया पाठवले.

पण बातमी जिना चढून दवेसाहेबांकडेही पोचली. ती जागा पूर्ण अंध माणसाची. दिसतं असं निघालं तर फसवून नोकरी लाटली म्हणायची. हुकूम सुटला : बुधवारी सरकारी डॉक्टरांपुढे हजर व्हा, नजर आढळली तर नोकरी संपली.

मनहर माझ्याकडे आला. “काका, सरकारला मी आंधळा हवा, सासऱ्याला डोळस. कुणाकुणाला पुरा पडू?”

“मग एकेक डोळा वाटून दे!”

तो हसला नाही. “खोटं बोललो तर नोकरी जाते. खरं बोललो तर कोकिला.”

बुधवारी मी रजा टाकून गेलो. असला तमाशा फुकट कोण सोडतो? नाथुभाई नवी टोपी घालून मुलीसकट हजर. जावयाची नजर सरकारी कागदावर लिहून घ्यायला आला होता.

डॉक्टरांनी बोटं वर केली. “किती?”

मनहरने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“अरे तीन! तीन म्हण!” मागून नाथुभाई.

“तुम्ही थांबा हो!” डॉक्टर खेकसले. “याला दिसलं तर याची नोकरी जाईल.”

“जाईल म्हणजे? सरकारी नोकरी?”

“आजच्या आज.”

“आणि पेन्शन?”

“तीही.”

नाथुभाईने छताच्या पंख्याकडे पाहिलं, कोकिलाकडे पाहिलं, मग टोपी काढून हातच जोडले. “डॉक्टरसाहेब, हा ठार आंधळा आहे! आई बहुचरेची शपथ! काल माझ्या उकळत्या कढईत हात घालत होता!”

“ते खोटं आहे,” मनहरने पहिल्यांदाच तोंड उघडलं. “पण मला काही दिसत नाही, हे खरं.”

कोकिलाने सगळ्यांचे ओठ वाचले होते. ती भिंतीला टेकून पोट धरून हसत होती. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारली आणि लिहून दिलं : उजेडसुद्धा कळत नाही.

वैशाखात लग्न लागलं. नाथुभाई अजून गिऱ्हाइकांना ऐकवतो, “जावई आंधळा, पण शिक्क्याचा!”

मनहरला दोन्ही डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. दिसतं ही बातमी कोकिलाने चिठ्ठीवर लिहून पोटात काही न ठरणाऱ्या आपल्या आत्याला दिली होती, बापाने लग्नाला हो म्हणावं म्हणून.