एकाहत्तर टक्के पुसलेलं लग्न

माझ्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं लग्न मी एकाहत्तर टक्के पुसून टाकलं, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

आदिलाबादकडच्या आमच्या इचोड्यात राजन्नाच्या दुकानी लग्नपत्रिकांचा मजकूर संगणकावर जुळवून मिळायचा. त्याच्याकडे दोन संगणक होते. नव्वदच्या दशकात आमच्याकडे हे वैभवच! त्यांतला जुना त्याने मला विकला. शाळेत संगणकावर अधिकारवाणीने बोलणारा मास्तर मी एकटाच. (तो पाहिलेलाही मी एकटाच!) जुनं यंत्र आधी कोरं करावं, मगच आपलं म्हणावं, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

आईने यंत्राला हळदकुंकू लावलं. "चालू काऊन नाही करत?"

"आत राजन्नाचा पसारा आहे. तो आधी काढतो."

"काढ, पण एखादं कामाचं असलं तं?"

"त्याच्याजवळ काय कामाचं असणार, आई!"

उद्घाटनांची मी कायम टिंगल करत आलो. तरीही इस्त्रीचा सदरा घालून बसलो. सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं पडद्यावर विचारलं. मी मंत्र्याच्या थाटात होकाराचं बटण दाबलं. आकडे चढू लागले. दहा. तीस. साठ.

सत्तरला राजन्ना मोपेड टाकून आत धावला. "मास्तरसाब, पत्रिका निकाले क्या?"

"कसली पत्रिका?"

"आपकी बहन की! नया मशीन बिगड गया था, तो इसमेइच बनाया. प्रेसवाला चार बजे तक मांगता!"

मी वायर उपटली. एकाहत्तर! उरलेल्या एकोणतीस टक्क्यांत निदान नवरदेव तरी असेल, या आशेने पुन्हा चालू केलं. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक इंग्रजी ओळ. पत्रिका तर गेलीच, पण राजन्नाने यंत्रात भरलेली मराठी अक्षरंसुद्धा गेली होती.

आमच्याकडे पत्रिकेत मुहूर्त चुकला तर लोक समजून घेतात. नावांचा क्रम चुकला तर जेवायला येत नाहीत. जैनथचे काका वर की नेरडीगोंड्याचे मामा वर, या वादात बाबांनी तीन आठवडे घरोघरी चहा पिऊन तोड काढली होती: काका पहिले, मामा वेगळ्या चौकटीत. बाबा एके काळचे पटवारी. खोडलेलं नाव कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून कच्चा कागद त्यांनी स्वतः चुलीत घातला होता. आणि ती चौकट डोळ्यांनी बघायला मामा त्याच दिवशी येऊन ओसरीवर बसले होते!

बाबा आत आले. "काऊन रे, एवढा घाम काऊन फुटला?"

"बाबा... पत्रिका गेली."

"प्रेसले?"

"नाही. पुसली. मी."

बाहेरून मामांचा आवाज आला, "भाऊजी, दाखवून राह्यले का नाही?"

"चहा घ्या तुमी, आलोच!" बाबा ओरडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कागद घे. फेहरिस्त लिव."

डोळे मिटून, गावातले सर्व्हे नंबर सांगावेत तशी त्यांनी नावं सांगितली. काका, आत्याचे जावई, चुलत सासरे, चौकटीतले मामा... कुठे अडखळले नाहीत. मी मान खाली घालून, सांगतील ते लिहीत गेलो. मामांनी कागदावरची चौकट बोटाने मोजून बघितली आणि मान डोलावली. राजन्ना तो कागद घेऊन आदिलाबादच्या प्रेसकडे सुटला. चारला पाच मिनिटं कमी असताना पोचला!

लग्न थाटात झालं. काका आणि मामा एकाच पंगतीत जेवले. दोघांच्याही हातात पत्रिका होती. मी तेव्हाच ती पहिल्यांदा नीट वाचली. त्यात दूरच्या आत्याचा दीडदमडीचा जावईसुद्धा होता. नवरीचा सख्खा भाऊ नव्हता.

"बाबा, माझं नाव?"

"बाकीचे सारे मले पाठ होते," बाबा शांतपणे म्हणाले. "तुजं तेवढं मशिनीच्या भरवशावर सोडलं होतं."

घरी येऊन मी त्या कोऱ्या, आता पूर्णपणे माझ्या झालेल्या संगणकावर रागारागाने स्वतःचं नाव तरी उमटवायला बसलो. उमटलं, पण इंग्रजीत. मराठी मीच पुसली होती!